टाळूतून दिसणारा मेंदू: कमी दिवसांच्या बाळाच्या स्कॅनवरून पुढचं किती कळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी २९ आठवड्यांची असताना जन्मली, वजन ११८० ग्रॅम. आज ती बारा दिवसांची आहे आणि एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पेटीत आहे. चौथ्या दिवशी डोक्याची सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टवर ‘डाव्या बाजूला ग्रेड २ आयव्हीएच’ असं लिहून आलं, म्हणजे मेंदूच्या पोकळीत रक्तस्राव. डॉक्टर म्हणतात, थांबा, पुन्हा सोनोग्राफी करू. नातेवाईक म्हणतात, मोठ्या शहरात नेऊन सीटी नाहीतर एमआरआय करा, एकदाच काय ते कळू दे. आणि वडिलांनी शेवटी विचारलंय, ती चालेल ना? शाळेत जाईल ना?

मी गेली बावीस वर्षं लहान मुलांच्या रेडिओलॉजीचं काम करते आणि त्यातला मोठा वाटा एनआयसीयूतल्या बाळांचा आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळेपर्यंत बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही. ज्या बाळांना फक्त ग्रेड १ किंवा २ चा रक्तस्राव होतो आणि पुढच्या सोनोग्राफींत नवीन काही दिसत नाही, ती बहुतेक सगळी चालतात. त्यांचं पुढचं आयुष्य त्याच आठवड्यांत जन्मलेल्या, रक्तस्राव न झालेल्या बाळांसारखंच जातं. काही मोठ्या अभ्यासांत या दोन गटांत फरक आढळला नाही, ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात थोडा आढळला. ‘पुढच्या सोनोग्राफींत नवीन काही दिसत नाही’ ही अट मात्र नीट लक्षात ठेवा. तुमचे डॉक्टर थांबा म्हणतात ते त्यासाठीच.

आता नक्की काय झालंय ते. मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. पोटातल्या बाळात या पोकळ्यांच्या भिंतीला लागून पेशींचा एक साठा असतो, जर्मिनल मॅट्रिक्स. मेंदू घडवणाऱ्या पेशी तिथून निघतात, त्यामुळे तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो, पण रक्तवाहिन्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ. साधारण ३४ आठवड्यांपर्यंत हा साठा आटत जातो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला अजून स्वतःचा रक्तदाब सांभाळून मेंदूकडे रक्त एका वेगाने पाठवता येत नाही. श्वास, व्हेंटिलेटर, इन्फेक्शन यांमुळे दाब वरखाली झाला की त्या पातळ वाहिन्या फुटतात. बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत होतात. हा परिच्छेद बाळाच्या आईला वाचून दाखवा. जवळजवळ प्रत्येक आई मला विचारते की मी जिना चढले म्हणून झालं का, पपई खाल्ली म्हणून झालं का. तिच्या खाण्याने किंवा चढण्या-उतरण्याने हे होत नाही.

ग्रेडचे आकडे १९७८ सालचे आहेत. अमेरिकेत लू-अ‍ॅन पापिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे सीटी स्कॅन काढले आणि रक्त कुठवर पोचलंय त्यावरून चार ग्रेड केले. रक्त त्या साठ्यापुरतंच राहिलं तर एक. पोकळीत उतरलं पण पोकळी फुगली नाही तर दोन. पोकळी फुगली तर तीन. मेंदूच्या गाभ्यातच रक्त दिसलं तर चार. वाचताना हे एका जिन्याच्या चार पायऱ्यांसारखं वाटतं, आणि पालकांची मोठी भीती तिथूनच येते: आज दोन आहे, उद्या तीन होईल, परवा चार. प्रत्यक्षात चौथा ग्रेड वेगळ्या रीतीने होतो. पोकळीजवळच्या रक्ताच्या गाठीमुळे त्या भागातून रक्त बाहेर नेणारी शीर तुंबते, त्यामागचा मेंदूचा तुकडा सुजतो, मरतो आणि त्यात रक्त झिरपतं. म्हणून तो बहुधा एकाच बाजूला असतो. अशी एका बाजूला इजा झालेली पुष्कळ मुलंही पुढे एका हातापायात अशक्तपणा असूनसुद्धा स्वतःच्या पायांनी चालतात.

सोनोग्राफी टाळूवरून करतात. आपल्याकडे आजी बाळाची टाळू भरते ती जागा, म्हणजे कवटीची हाडं अजून न जुळलेली मऊ खिडकी. हाडातून ध्वनिलहरी जात नाहीत, टाळूतून जातात. टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत भरून येते, आणि तोवर बाळाचा मेंदू कसलंही रेडिएशन न देता, भूल न देता, पेटीतच ठेवून पाहता येतो. ११८० ग्रॅमच्या बाळाला लिफ्टमधून, अँब्युलन्समधून नेणं हाच त्याच्या रक्तदाबावर एक घाव असतो. म्हणून मशीन बाळाकडे यायला हवं. आपल्या देशात सोनोग्राफी मशीनची नोंदणी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली त्या-त्या जागेच्या नावावर असते. बाहेरच्या रेडिओलॉजिस्टला स्वतःचं मशीन पिशवीत घालून एनआयसीयूत येता येत नाही. त्यामुळे ‘तुमच्या एनआयसीयूत स्वतःचं नोंदणीकृत मशीन आहे का’ हा बाळाला दाखल करतानाच विचारण्याचा प्रश्न आहे. तुमच्याकडे चौथ्या दिवशी खाटेशीच सोनोग्राफी झाली, म्हणजे ती सोय आहे.

टाळूवरून मेंदूचा मागचा-खालचा भाग, म्हणजे लहान मेंदू, नीट दिसत नाही. त्यासाठी कानामागच्या छोट्या खिडकीतून बघावं लागतं. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण अनेक ठिकाणी घाईत ही बाजू राहून जाते, आणि कमी दिवसांच्या बाळांत लहान मेंदूतला रक्तस्राव दुर्मिळ नसतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना नम्रपणे विचारा, कानामागूनही बघितलंत का?

आता त्या अटीकडे येते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. तीस आठवड्यांच्या एका मुलाची तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली. पोकळ्या स्वच्छ, रक्त नाही. मी ‘नॉर्मल’ लिहिलं आणि आईवडिलांना हसत सांगितलंही. वीस-बावीस दिवसांनी बाळ घरी गेलं. मधे पुन्हा कोणी सोनोग्राफी सांगितली नाही, मीही रिपोर्टवर ‘पुन्हा करा’ असं लिहिलं नव्हतं. आठव्या महिन्यात ते माझ्याकडे पुन्हा आलं तेव्हा लंगोट बदलताना त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर ताठ येत होते. एमआरआयमध्ये दोन्ही पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग, म्हणजे मेंदूचे निरोप नेणाऱ्या तंतूंचा भाग, आक्रसलेला दिसला. त्या आईने तिसऱ्या दिवसाचा माझा रिपोर्ट जपून आणला होता आणि म्हणाली, तुम्ही तर नॉर्मल म्हणाला होतात. तो रिपोर्ट खोटा नव्हता. त्या दिवशी खरंच काही दिसत नव्हतं. पण एका दिवसाच्या चित्राला मी पुढच्या सगळ्या दिवसांची हमी बनवलं होतं, आणि त्या मुलाच्या व्यायामाचे सहा-सात महिने त्यात गेले.

त्या मुलाला झालेल्या इजेला पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया, पीव्हीएल म्हणतात. १९६२ साली बँकर आणि लारोश यांनी तिला हे नाव दिलं. रक्तपुरवठा किंवा प्राणवायू कमी पडल्याने, किंवा इन्फेक्शनच्या दाहाने पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग मरतो. पायांच्या हालचालींचे तंतू पोकळीच्या सगळ्यांत जवळून जातात, म्हणून पाय आधी ताठ होतात. पहिल्या आठवड्यात सोनोग्राफीत तिथे फार तर थोडी पांढुरकी झाक दिसते, पुष्कळदा तीही नाही. मेलेला भाग विरघळून त्याच्या बारीक गाठी, म्हणजे पाण्याचे फोड, दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढे हे फोडही मिटतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी बघाल तर फार लवकर, तिसऱ्या महिन्यात बघाल तर कदाचित उशीर. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२० साली तीस आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या सगळ्या बाळांसाठी जे वेळापत्रक सांगितलं ते याच हिशेबाने आहे: पहिली सोनोग्राफी सात ते दहा दिवसांच्या आत, दुसरी चार ते सहा आठवड्यांना, आणि शेवटची डिलिव्हरीच्या मूळ तारखेच्या आसपास किंवा घरी जाण्याआधी.

तुमच्या मुलीला त्याहून जास्त वेळा लागतील, कारण पोकळीत रक्त आहे. रक्ताच्या गुठळ्यांनी पाण्याचा निचरा अडला तर पोकळ्या फुगतात, आणि हे बहुधा रक्तस्रावानंतरच्या एक ते तीन आठवड्यांत सुरू होतं. ती आता नेमकी त्या काळात आहे. या दिवसांत आठवड्यातून निदान एकदा सोनोग्राफी व्हावी आणि प्रत्येक वेळी पोकळीची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिली जावी. ‘थोडी मोठी वाटते’ असं लिहिलेल्या रिपोर्टचा तुलनेला उपयोग होत नाही. १९८१ साली लेव्हीन यांनी आठवड्यांनुसार या रुंदीचा तक्ता केला, तो आजही आम्ही वापरतो. नर्स टेपने डोक्याचा घेर मोजतात तोही महत्त्वाचा: आठवड्याला एक सेंटिमीटरच्या आसपास वाढ ठीक, दोनच्या वर गेली तर धोक्याची. पण कमी दिवसांच्या बाळाच्या कवटीत रिकामी जागा बरीच असते. घेर वाढायच्या आधीच आत पोकळी फुगलेली असू शकते, त्यामुळे टेप सोनोग्राफीची जागा घेऊ शकत नाही.

सीटी स्कॅनबद्दल माझं स्पष्ट मत: तुमच्या मुलीचा करू नका. सीटीत जे दिसेल ते सोनोग्राफीत दिसलेलं आहे, आणि पांढऱ्या भागाची जी इजा बघायची आहे ती सीटीत चांगली दिसत नाही. शिवाय रेडिएशन. ब्रिटनमध्ये लहानपणी सीटी झालेल्या सुमारे पावणेदोन लाख जणांच्या नोंदी तपासून २०१२ साली अहवाल आला. वारंवार सीटी होऊन जास्त डोस मिळालेल्यांत ल्युकेमिया आणि ब्रेन ट्यूमरचं प्रमाण जवळपास तिप्पट आढळलं. प्रत्यक्ष धोका तरीही लहान होता: दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांचा एकेक हेड सीटी झाला तर पुढच्या दहा वर्षांत ल्युकेमियाची साधारण एक आणि ब्रेन ट्यूमरची एक जादा केस. डोक्याला मार लागून मूल बेशुद्ध आलं तर मी स्वतः सीटी सांगते, क्षणभरही थांबत नाही. इथे मात्र तो धोका घेऊन हाती काही पडत नाही.

एमआरआयचं तसं नाही. त्यात रेडिएशन नसतं आणि पांढरा भाग त्याच्याइतका चांगला दुसऱ्या कशात दिसत नाही. प्रश्न फक्त वेळेचा आणि गरजेचा. आज, बाराव्या दिवशी, एवढ्याशा बाळाला एमआरआयच्या खोलीत नेण्यात धोका जास्त आणि मिळकत कमी. खरी वेळ डिलिव्हरीच्या मूळ तारखेच्या आसपासची, म्हणजे तुमच्यासाठी जन्मानंतर साधारण अकरा आठवडे. त्या वयाला हालचालींच्या तंतूंवर एका ठरावीक जागी चरबीचं आवरण, मायलिन, चढलेलं असतं आणि एमआरआयमध्ये ती जागा उजळ दिसते. दोन्ही बाजूंना ती सारखी उजळली असेल तर माझा जीव भांड्यात पडतो. एका बाजूला उजळली नसेल तर विरुद्ध बाजूच्या हातापायाकडे मी डोळ्यांत तेल घालून बघायला सांगते.

या वयाच्या एमआरआयवरचा सर्वांत गाजलेला अभ्यास २००६ सालचा आहे, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या १६७ बाळांचा. ३० आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या या बाळांपैकी २१ टक्क्यांच्या पांढऱ्या भागात मध्यम ते तीव्र बिघाड दिसला. दोन वर्षांच्या वयाला एकूण १० टक्के मुलांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारा कायमचा दोष, होती आणि १७ टक्क्यांच्या बौद्धिक विकासात मोठा उशीर होता. बिघाड आणि हालचालींतला दोष यांचं नातं घट्ट निघालं, बिघाड आणि बुद्धी यांचं बरंच सैल. स्वच्छ एमआरआय असलेली काही मुलं मागे पडली आणि बिघाड दिसलेली काही छान निघाली. लंडनमध्ये पाचशेहून अधिक बाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून, निम्म्यांच्या पालकांना एमआरआयचा निकाल आणि निम्म्यांच्या पालकांना सोनोग्राफीचा निकाल सांगून पाहिलं. आयांची काळजी एमआरआयने थोडी कमी झाली, पण पुढचं भाकीत दोन्हींतून कमीच जमलं. म्हणून सगळ्या कमी दिवसांच्या बाळांचा सरसकट एमआरआय करू नये, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी म्हणते, आणि माझंही तेच मत आहे. तुमच्या मुलीच्या पुढच्या सोनोग्राफी स्वच्छ राहिल्या आणि मधे मोठं आजारपण आलं नाही, तर मी एमआरआयचा आग्रह धरणार नाही. पोकळी फुगली, फोड दिसले, लहान मेंदूत काही दिसलं, किंवा तपासणीत डॉक्टरांना हातापायांचा ताण वेगळा वाटला, तर जरूर करा.

करायची वेळ आलीच तर बहुधा भूल लागत नाही. त्या सेंटरमध्ये भूल न देता करतात का, हे आधी विचारून घ्या. बाळाला नेहमीच्या दुधाच्या वेळेपर्यंत भूक लागू द्यायची, मग पोटभर पाजायचं, कानांना आवाजापासून संरक्षण लावायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं आणि झोपलं की हळूच आत सरकवायचं. अर्धा-पाऊण तास मिळतो. आईने पाजून, थोपटून झोपवलेलं मूल मशीनच्या ठकठकाटातही झोपलेलं मी शेकडो वेळा पाहिलंय. त्यासाठी सेंटरने वेळ राखून ठेवावा लागतो. पंधरा मिनिटांत पुढचा पेशंट घ्यायची घाई असेल तिथे झोपेचं औषध देण्याकडे कल असतो.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं बाळ पूर्ण दिवसांचं असेल आणि जन्मताना न रडल्यामुळे, गुदमरल्यामुळे दाखल असेल, तर वरचं वेळापत्रक त्याला लागू नाही. अशा बाळांत एमआरआय जन्मानंतर साधारण चौथ्या ते सातव्या दिवसादरम्यान सर्वांत जास्त सांगतो. त्या बाळांबद्दल एनआयसीयूच्या डॉक्टरांनी एमआरआय सुचवला तर दिरंगाई करू नका, कारण इजा दाखवणारी एक खूण आठवडाभरानंतर पुसट होत जाते.

पुन्हा तुमच्या मुलीकडे. चित्रात न दिसणाऱ्या दोन गोष्टी तिच्या भविष्याशी ग्रेड २ इतक्याच, कधी त्याहून जास्त जोडलेल्या आहेत. पहिली डोळे. तिचं वजन १२०० ग्रॅमच्या खाली होतं, म्हणून आरओपी या डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराची पहिली तपासणी दोन ते तीन आठवड्यांच्या वयातच व्हायला हवी. म्हणजे याच आठवड्यात तारीख विचारा. मेंदू सुखरूप राहूनही आरओपीची तपासणी चुकल्यामुळे नजर गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि वेळेवर लेझर झालं असतं तर त्यांतल्या बहुतेकांचे डोळे वाचले असते. दुसरी ऐकू येणं: घरी जाण्याआधी बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी तपासणी, करून घ्या.

त्यानंतर हाय रिस्क फॉलोअप, म्हणजे अशा जास्त धोक्याच्या बाळांची घरी गेल्यावरची नियमित तपासणी. तिचं वय नेहमी डिलिव्हरीच्या मूळ तारखेपासून मोजा, नाहीतर शेजारच्या बाळाशी तुलना करून घरात उगाच घबराट होईल. खासगी फिजिओथेरपी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर आहे का ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची ही केंद्रं आहेत, आणि तो कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरला सुरू झाला. तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. माझ्याकडे येणाऱ्या अनेक कुटुंबांना हे केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे हेच माहीत नसतं.

आणि एक तपासणी अशी आहे जिला मशीन लागत नाही. मूळ तारखेपासून तीनेक महिन्यांनी निरोगी बाळाच्या हातापायांत, मानेत, मनगटांत सतत बारीक, गोलाकार, नाचऱ्या हालचाली दिसतात. त्यांना फिजेटी मूव्हमेंट्स म्हणतात. ऑस्ट्रियातले हाइन्झ प्रेख्टल यांनी ही पद्धत घडवली. २०१७ साली सेरेब्रल पाल्सीच्या लवकर निदानावर जो आढावा निघाला, त्यात पाच महिन्यांच्या आत सेरेब्रल पाल्सी ओळखण्यात एमआरआयची संवेदनशीलता, म्हणजे दोष असलेल्या शंभरांपैकी किती जण ओळखले जातात ते प्रमाण, ८६ ते ८९ टक्के आणि या नुसत्या बघण्याची ९८ टक्के दिली होती. दोन्ही जोडून बघितलं तर सर्वांत उत्तम.

मूळ तारखेनंतरच्या बाराव्या आठवड्यात, म्हणजे तिच्या जन्मापासून साधारण सव्वापाच महिन्यांनी, घरीच मोबाइलवर एक व्हिडिओ काढा. तिला सपाट अंथरुणावर उताणी ठेवा, हातपाय उघडे ठेवा. ती जागी असावी, भुकेली किंवा रडवेली नसावी, तोंडात काही नसावं. समोर खुळखुळा धरू नका, तिच्याशी बोलू नका. वरून, पूर्ण अंग दिसेल असा तीन मिनिटांचा व्हिडिओ हवा. तो आणि आजवरच्या सगळ्या सोनोग्राफींची चित्रं, नुसते रिपोर्ट नाहीत, घेऊन फॉलोअपच्या डॉक्टरांकडे जा. चौथ्या दिवसाचं ते पहिलं चित्र आजच मागून घ्या, कारण अनेक ठिकाणी मशीनची मेमरी भरली की जुनं पुसून टाकतात.